चुकलेला सोमवार

पिंपरवाडीत त्या दिवशी विशेष असं काही घडत नव्हतं. कारखान्याला ऊस टाकून बैलगाड्या रिकाम्या परतत होत्या, आडावर बायका धुणी बडवत होत्या आणि धोंडुबाईच्या चुलीत विळा तापत होता. गावाच्या मते या तिन्ही गोष्टी सारख्याच रोजच्या. लेकराला ताप आला, खोकला झाला, दूध पचेना, की विळ्याचं टोक लाल करायचं आणि पोटावर डाग द्यायचा. गावातला उघड्या अंगानं बसलेला कुठलाही म्हातारा बघा, बेंबीच्या दोन्ही अंगांना वालाच्या दाण्याएवढे पांढरे वण दिसतील. विचारलं तर छाती फुगवून सांगेल, "आमाला बी दिलं हुतं डाग. जगलोच की!" अहो, जे जगले नाहीत ते सांगायला येणार कुठून? पण एवढा साधा सवाल कुणाला सुचत नाही, आणि सुचला तरी तो चुलीपुढं बसलेल्या सासूला विचारायची छाती कुणाची होत नाही.

साल होतं १९७३. धोंडुबाईची सून राही भाकरी थापत होती आणि तिच्या मांडीला लागून अकरा महिन्यांचा बाळासो कण्हत होता. त्याचा एक कान महिनाभर वाहत होता. छाती घरघरत होती. सहा महिन्यांचा होईस्तोवर हेच पोर कसं गुटगुटीत होतं! मग जे दुखणं लागलं ते सुटायलाच तयार नाही. एक बरं झालं की दुसरं उभं. राहीला हे नवं नव्हतं. याच्या आधीचे तिचे दोन मुलगे असेच गेले होते, एक चौदा महिन्यांचा होऊन, दुसरा दीड वर्षाचा. त्या दोघांनाही डाग दिले होते आणि तिनंच त्यांचे पाय धरले होते.

"आत्याबाई, ह्याला तरी नगं," ती पिठाचे हात तसेच ठेवून म्हणाली. "हे येत्याल इतक्यात कऱ्हाडासनं. त्यांना इचारू."

"त्येला काय इचारायचं? त्यो पल्टनीतला गडी. लेकरं जगवायचं तुजं काम, ते तुला जमंना," धोंडुबाई म्हणाली. "धर पाय."

राहीनं पाय धरले. का धरले, असं शहरात बसून विचारणं सोपं आहे. पाच वर्षांत दोन पोरं गमावलेल्या सुनेला त्या घरात 'नगं' हा शब्द एकदाच म्हणता येत होता, आणि तो तिचा म्हणून झाला होता. पोर असं किंचाळलं की बाहेर गोठ्यातल्या म्हशीनं दावं ताणलं. मांस करपल्याचा वास भाकरीच्या वासात मिसळला.

तिसऱ्या दिवशी डाग चिघळले. पोट तटतटून काळंनिळं पडलं. राहीचा नवरा जोतीराम लष्करात हवालदार होता, दोन महिन्यांच्या रजेवर आलेला. एकाहत्तरच्या लढाईत त्यानं सडलेल्या जखमा डोळ्यांनी पाहिल्या होत्या. त्यानं आईशी एक शब्द न बोलता पोराला फौजी ब्लँकेटात गुंडाळलं, बायकोला "चल" म्हणाला आणि मिरजेची एसटी धरली. हे त्याचं पुण्य मी लिहून ठेवतो, कारण पुढं त्याच्याबद्दल जे लिहायचं आहे ते फार वाईट आहे.

मिरजेच्या एका मोठ्या इस्पितळात डॉक्टर म्हैशाळकर मुलांचा विभाग पाहत. परदेशी शिकून आलेले, बुद्धीनं तल्लख, स्वभावानं घाईचे. रक्तातच दोष घेऊन जन्मलेल्या मुलांसाठी त्यांनी एक छोटं पथक जमवलं होतं. पथक म्हणायचं एवढंच, माणसं तीन. स्वतः डॉक्टर, वॉर्डच्या फरीदा सिस्टर आणि रक्त तपासणारा जाफर. या जाफरचं घराणं तंबोरे करणाऱ्यांचं. भोपळा वाजवून त्याच्या आतलं ओळखायची घरची सवय, ती त्यानं काचेच्या नळ्यांवर आणली होती.

डॉक्टरांनी बाळासोच्या घशात बॅटरी मारली आणि फरीदाला जवळ बोलावलं. "टॉन्सिलच्या गाठी दिसतात का तुम्हाला?"

"नाही, सर. सपाट आहे सगळं."

"नाहीतच. असायला हव्यात. जाफरला म्हणावं, पट्टी काढ."

जाफर कागदाच्या पट्टीवर रक्तातलं पाणी असं पसरवी की त्यातली द्रव्यं वेगवेगळ्या पट्ट्यांत उमटत. धडधाकट माणसाचे पट्टे पाच. बाळासोचे चार उमटले. जाफरला पटेना. त्यानं तीनदा पट्टी काढली आणि तिन्ही वेळा चारच आले.

म्हणजे काय, ते सरळ सांगतो. आपल्या रक्तात रोगाशी झुंजणारं एक द्रव्य असतं. हजारो-लाखोंत एखादा मुलगा असा जन्मतो की त्याच्या अंगात ते तयारच होत नाही. आपल्याला जो खोकला चार दिवस त्रास देऊन जातो, तो त्याला नेतो. खरचटलेला गुडघा त्याला नेतो. मग अशा पोटावर तापलेल्या विळ्यानं चार दारं पाडून ठेवली तर काय होईल? उपाय आहे. दुसऱ्यांनी दिलेल्या रक्तातून ते द्रव्य वेगळं काढतात. मुंबईहून रेल्वेनं, बर्फात घालून, ते मिरजेला येई. दर चार आठवड्यांनी मांडीत एक जाड, दुखरी सुई. न चुकता, जन्मभर.

बाळासो वाचला. पंधरा दिवसांत पोट उतरलं, कान कोरडा पडला. पहिली सुई एका सोमवारी दिली, आणि त्याच आठवड्यात तो खाटेची कड धरून उभा राहिला. राहीला हसावं की रडावं कळेना. तिनं आपल्या पोराला कधी रोगाशिवाय पाहिलंच नव्हतं.

फरीदा तिच्याजवळ बसून माहेरची चौकशी करी. कागदावर मुलग्याला चौकोन, मुलीला गोल, गेलेल्याला काळं. राहीचे दोन भाऊ पाळण्यात गेले होते. आईचा भाऊ गेला होता. स्वतःचे दोन मुलगे. फरीदा चौकोन काळे करत गेली तशी राही कागदाकडं टक लावून बघू लागली. अक्षरओळख नव्हती, पण हे तिला वाचता आलं.

"बाई, काळं समदं माज्याच अंगाला हाय व्हय?"

फरीदाच्या तोंडात उत्तर होतं. पण वॉर्डची शिस्त अशी की कारण डॉक्टरांनीच सांगायचं. "डॉक्टर नीट समजावून सांगतील हं," ती म्हणाली आणि औषधं द्यायला उठली. त्या शिस्तीचा तिला पुढं जन्मभर संताप आला.

आता ती चूक. घरी सोडायच्या दिवशी डॉक्टर म्हैशाळकर व्हरांड्यात जोतीरामशी बोलले. राही आत पोराला टोपडं घालत होती. तिला बोलवावं असं डॉक्टरांना वाटलं नाही आणि जोतीरामलाही वाटलं नाही. बाप्यांचं बोलणं बाप्यांत, ही चाल खेड्यातही आणि परदेशी शिकलेल्या डॉक्टरातही सारखीच मुरलेली.

"साहेब, ह्ये असं कशानं हुतंय? आमच्या घराण्यात कुणाला न्हाई," जोतीरामनं विचारलं.

"तुमच्याकडून नाही येत, हवालदार. हा दोष आईकडून येतो," डॉक्टर म्हणाले. "बरं, सुई चुकवायची नाही. चौथा सोमवार." आणि ते निघून गेले. पुढं चाळीस मुलं तपासायची होती.

याच्यापुढची दोन वाक्यं डॉक्टरांना ठाऊक होती. यात आईचा काही गुन्हा नाही, तिला ते माहीतही नसतं, हे एक. आणि पहिले सहा महिने हे पोर जगलं ते आईनं पोटात असताना दिलेल्या रक्षणावरच, हे दुसरं. ती दोन वाक्यं त्यांनी पुढच्या महिन्यावर टाकली. पुढचा महिना त्या पोराच्या नशिबी आहे की नाही, ते त्यांच्याच हाती होतं, आणि ते चाळीस मुलांच्या घाईत होते!

जोतीराम दहा दिवस गप्प होता. पण आईला ल्योकाच्या गप्पपणाचा वास लागतो. धोंडुबाईनं जेवायला वाढता वाढता खोदून खोदून विचारलं आणि एका दुपारी त्यानं ताटावरच सांगून टाकलं, "दाक्तर म्हनला, आईकडनं येतंय. हिच्या रगतात हाय."

धोंडुबाईच्या हातातली पळी तशीच राहिली. मग ती ओरडली नाही की रडली नाही. ती शांतपणे म्हणाली, "बग. मी कवाधरनं सांगतीया. ही पोरं खाती. आता तुज्या दाक्तरानं बी सांगितलं." आणि तिनं तीच तापलेली पळी राहीच्या तोंडावर मारली.

राही पडली. उठायला लागली तोवर नवऱ्याची लाथ बरगडीत बसली. आजवर त्यानं तिला मारलं नव्हतं असं नाही, पण मारलं तर दोन थपडा, तेही दारू प्यायल्यावर. आज तो शुद्धीत होता. तिघांपैकी दोन मुलगे पुरून आलेला बाप होता, आणि त्याच्या दुःखाला पाच वर्षांनी एक नाव सापडलं होतं. तिची वेणी मनगटाला गुंडाळून त्यानं तिला ओसरीवरून अंगणात ओढलं. "माजी दोन खाल्लीस! दोन खाल्लीस!" एवढंच तो म्हणत होता आणि मारत होता. शेजारी भिंतीवरून बघत होते. "नवरा-बायकूचं हाय, आपून कशाला पडा," असं म्हणून ते खाली उतरले. चोर सोडून संन्याशाला फाशी, म्हणतात ना, ते असंच भर दुपारी, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत होतं.

त्यानंतर राहीला स्वयंपाकाची भांडी शिवायची बंदी झाली. पोर तिच्याजवळ फक्त पाजायला द्यायचं, तेही धोंडुबाई समोर बसून. राहीला त्याचं काही नव्हतं. सुई दिल्यापासूनच्या दिवसांच्या ती भिंतीवर कोळशानं रेघा ओढत होती. अठ्ठाविसावी रेघ झाली त्या दिवशी सोमवार होता. ती सुजल्या तोंडानं नवऱ्यापुढं उभी राहिली.

"आवं, मला मारा, हाकला, काय बी करा. पर आज त्येला मिरजंला न्या."

"त्यो न्हाई जायाचा," आतून धोंडुबाई म्हणाली. "सुईनं डाकीण दबून ऱ्हाती आन पोरगं आतनं पोखारतंय. नाथाजी म्हनला तसं. आदी हिला झाडायची, मग बगू सुई."

नाथाजी हा पिंपरवाडीचा देवऋषी. भुतं उतरवायची, करणी काढायची आणि बायकांना झोडायचं, हा त्याचा धंदा. रविवारचा दिवस त्यानं दिला. जोतीरामनं रजा वाढवून घेतली. लढाईत तोफांपुढं उभा राहिलेला हा गडी! पण बंदुकीपुढं ताठ उभं राहणं वेगळं आणि आईपुढं राहणं वेगळं. ते दुसरं धाडस त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

गुरुवारी बाळासोला ताप चढला. शनिवारी तो अंगावर प्यायचा थांबला.

इकडं मिरजेत फरीदानं सोमवारी संध्याकाळपर्यंत वाट पाहिली होती. मंगळवारी तिनं डॉक्टरांना सांगितलं. "एसटी चुकली असेल," डॉक्टर म्हणाले. बुधवारी, गुरुवारी तिनं पुन्हा सांगितलं. शनिवारी ती त्यांच्या टेबलासमोर जाऊन उभीच राहिली.

"सर, एसटी चुकली तर माणसं मंगळवारी येतात. सहावा दिवस चालू आहे. उद्या माझी मी जाते. तुम्ही आलात तर बरं, नाही आलात तरी मी जाणार."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांना व्हरांड्यातलं आपलं वाक्य आठवलं असावं. रविवारी सकाळी इस्पितळाची जीप निघाली. जाफर चालवत होता आणि फरीदाच्या मांडीवर बर्फाचा डबा होता.

पिंपरवाडीच्या म्हसोबापुढं त्या दुपारी दीडशे माणसं जमली होती. राहीला खांबाला बांधलं होतं, तोंड खांबाकडं. नाथाजीनं आसूड पाण्यात भिजवला. पहिल्या फटक्याला चोळी उसवली, तिसऱ्याला रक्त आलं.

"बोल! कोन हाईस तू?"

"मी राही."

"खोटं बोलतीस!" फटका. "कोन हाईस? पोराला का धरलंस?"

"मी त्येची आई हाय रं मुडद्या!"

बायकांत कुजबुज झाली. फटके पडत राहिले. पोरं झाडांवर चढून बघत होती. मोजणारे मोजत होते, एकविसाव्याला राही दोरांवर लोंबकळली. समोर धोंडुबाईच्या मांडीवर बाळासो निपचित पडला होता. त्याच्या नाकपुड्या फुगत होत्या, ओठ निळे होत होते. तो रडतसुद्धा नव्हता, आणि ते फक्त राहीला दिसत होतं.

अशा खेळाचे काही कायदे असतात. झाडाला, म्हणजे जिला भूत लागलंय तिला, विचारायचं, तुला काय पाहिजे? ते मागेल ते द्यायचं. हिरवं लुगडं, नारळ, कोंबडं. दिलं की ते सोडून जातं. राहीनं हे लहानपणापासून पाहिलं होतं. नाथाजीनं रीतीप्रमाणं विचारलं, "काय पायजे तुला? काय घेऊन सोडशील?"

राहीनं मान वर केली. तिचा आवाज असा निघाला की पुढच्या रांगेतली माणसं मागं सरली.

"हाय मी डाकीण! दोन खाल्ली, तिसरं खाते! मला मिरजंची सुई पायजे! आत्ताच्या आत्ता पोराच्या मांडीत मिरजंची सुई घाला, मग सोडते! न्हाई दिली तर समद्या गावाची पोरं खाईन!"

सगळं म्हसोबाचं पटांगण चिडीचूप झालं. काय बाई असेल ही! जे नाव लावून तिची कातडी सोलत होते, ते नाव तिनं पोरासाठी अंगावर ओढून घेतलं. सत्तरीचा सयाजी काठी टेकत पुढं आला. "नाथाजी, मागनं मागितलंय तिनं. आता द्याय लागतंय गड्या. तुजाच कायदा हाय."

जोतीराम उठला. "मी नेतो मिरजंला. आत्ता नेतो."

तेवढ्यावर थांबलं असतं तर ही गोष्ट मला लिहावी लागली नसती. पण नाथाजीची गादी हलली होती. आज डाकिणीनं मिरजेची सुई मागितली, उद्या सगळ्या गावातल्या डाकिणी इस्पितळं मागतील. मग त्याला कोण विचारणार? तो हसला आणि म्हणाला, "ने की. मी कुटं नगं म्हनतोय? पर हिची आन पोराची गाठ आदी तोड. पाच डाग. आन बापाच्याच हातनं. न्हाईतर शिवंवरच खाईल ती."

विळा तापलेलाच होता. राहीनं दोर तोडायचा असा काही हिसका मारला की खांब करकरला. तिला धरायला आलेल्या एकाच्या हाताचा तिनं लचका तोडला. "आवं, नगा! तुमच्या पाया पडते, नगा! त्यो मरतोय, बगा की त्येच्याकडं!" या खेपेला पाय धरायला राही मिळाली नाही, म्हणून धोंडुबाईनं धरले. दीडशे माणसांसमोर, स्वच्छ उन्हात, बापानं आपल्या पोटच्या गोळ्याला पाच डाग दिले. पोरानं तोंड उघडलं, पण आवाज बाहेर आला नाही. पाचव्या डागाला जोतीरामनं विळा टाकला.

जीप आली ती त्यानंतर. डॉक्टर म्हैशाळकर गर्दीत घुसले. त्यांनी पोर पाहिलं, खांब पाहिला, खांबाला बांधलेली बाई पाहिली. "हे कुणी केलं? माणसं आहात का कोण आहात तुम्ही?"

जोतीराम त्यांच्याकडं बघत अगदी साध्या आवाजात म्हणाला, "साहेब, तुमीच म्हनला न्हवं? आईकडनं येतंय म्हून?"

डॉक्टरांचा चेहरा पांढरा पडला. आणि मग ते ओरडले, महिनाभर उशिरा, चुकीच्या जागी. "अरे, पुरतं ऐकलंस का तू? मी पुरतं सांगितलंच नाही! तिचा गुन्हा नाही! पहिले सहा महिने हे पोर जगलं ना, ते तिच्याच रक्तावर! तिनंच जगवलं त्याला!"

बैल गेला आणि झोपा केला! ऐकायला कोण होतं तिथं? कुणीतरी दगड मारला. तो जाफरच्या भुवईवर बसला. फरीदानं तोवर दोर कापले होते. तिच्या पांढऱ्या कपड्यांना राहीच्या पाठीचं रक्त लागलं होतं. धोंडुबाई पोर सोडेना तेव्हा त्या शांत, हळू बोलणाऱ्या सिस्टरनं तिच्या मनगटावर अशी बुक्की मारली की हात सुटला. दगड जीपच्या टपावर वाजत राहिले. जाफर एका डोळ्यात रक्त उतरलेलं असताना गाडी चालवत होता.

सुई दिली ती चालत्या गाडीत. सलाईनची नळी लावली. राहीनं पोराला उराशी धरलं होतं, पाठीला काही टेकवता येत नव्हतं म्हणून ती पुढं वाकून बसली होती. आष्ट्याच्या अलीकडं फरीदानं पोराच्या छातीवर हात ठेवला आणि मग तो काढला नाही. डॉक्टरांनी कानाला नळ्या लावल्या, काढल्या, पुन्हा लावल्या. कुणी काही बोलायच्या आधीच राही म्हणाली, "गेला व्हय?"

"हो, राही."

मग ती म्हणाली, "गाडी मागं वळवू नगा. चौकीवर घ्या."

पोलीस चौकीत ती पोराला मांडीवर घेऊनच बसली. फौजदारानं लिहायला घेतलं. आजवर या बाईनं नवऱ्याचं नाव तोंडानं उच्चारलं नव्हतं, हळदीकुंकवाच्या उखाण्यातसुद्धा लाजून टाळलेलं. आज ती स्पष्ट म्हणाली, "जोतीराम. त्येनं डाग दिलं. धोंडुबाईनं पाय धरलं. नाथाजीनं सांगितलं. दीडशे मानसं बगत हुती, त्यांची बी नावं सांगते, लिवा. आन माजं बी लिवा. पयल्या तीन येळंला पाय मी धरलं हुतं."

फौजदारानं पेन थांबवलं. "तुमचं कसं लिहू, बाई?"

"लिवा म्हनते न्हवं."

डॉक्टरांनाही जबाब द्यायचा होता. इस्पितळातल्या वडीलधाऱ्यांनी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, तुमचं ते व्हरांड्यातलं बोलणं कशाला लिहिता, आपण होऊन गळ्यात दोर कशाला घालून घेता? म्हैशाळकरांनी ऐकून घेतलं आणि जबाबाचं पहिलंच वाक्य तेच लिहिलं. 'या मुलाच्या आजाराचे कारण मी त्याच्या वडिलांना अर्धे सांगितले व आईला मुळीच सांगितले नाही.'

खटला चालला. दीडशेपैकी एकानंही काही पाहिलेलं नव्हतं. कुणी शेतात होता, कुणी आजारी होता, कुणी त्या दिवशी नेमका पाहुण्यांच्या गावी गेला होता. म्हातारा सयाजीसुद्धा म्हणाला, डोळ्यांनी कमी दिसतं. जोतीरामला शिक्षा झाली ती त्यानं स्वतःच कबूल केलं म्हणून. धोंडुबाई आणि नाथाजी साक्षीअभावी सुटले. नाथाजी सहा महिन्यांनी गावात परतला, आणि लोक पुन्हा त्याच्याकडं जाऊ लागले. गावात आजही सांगतात की पोरगं सुईनं मेलं. या ओळी वाचणाऱ्यांपैकी कुणी त्या पटांगणात होता का, मला ठाऊक नाही. पण आपापल्या गावच्या पटांगणात आपण कुठं उभे असतो, ते आपल्याला ठाऊक असतं.

राही सासरी गेली नाही आणि माहेरीही गेली नाही. पाठ भरून आल्यावर ती त्याच वॉर्डात आया म्हणून लागली. पहिले काही महिने ती मुलांच्या खाटांकडं बघायची नाही, नुसती फरशी पुसायची. एकदा सुईच्या वेळी एक पोर फरीदाला आवरेना. तेव्हा तिनं फडकं टाकलं आणि त्याचे पाय धरले. पाय धरून ती ढसाढसा रडली, पण सुई होईस्तोवर तिनं ते सोडले नाहीत.

वॉर्डची जुनी शिस्त मोडली. आता कारण सांगायचं ते व्हरांड्यात नाही, खोलीत, आणि आईला खुर्चीवर बसवल्याशिवाय डॉक्टर तोंड उघडत नाहीत. सगळी वाक्यं एका बैठकीत सांगायची. बाहेर कितीही मुलं खोळंबली तरी बैठक मोडायची नाही. आणि सांगून झालं की डॉक्टर गप्प बसतात आणि राही बोलते.

दोन वर्षांनी जत भागातलं एक कुटुंब आलं. मुलगा आठ महिन्यांचा, पट्टे चार. बाई खुर्चीच्या अगदी कडेला बसली होती, पदर कपाळावर ओढून. तिच्या दंडावर जुना काळा-पिवळा वण होता आणि राहीला तो दारातूनच दिसला होता. डॉक्टरांनी सगळं सांगितलं, सहा महिन्यांचंही सांगितलं. नवरा मान हलवत ऐकत होता. मग त्यानं बायकोकडं एकदा पाहिलं आणि विचारलंच, "समजलं, साहेब. पर म्हंजी शेवटी कुनामुळं?"

डॉक्टरांनी राहीकडं पाहिलं. राही त्या माणसाच्या समोर येऊन उभी राहिली. पाठीवरचा पदर तिनं बाजूला केला आणि त्याला पाठ दाखवली, मानेपासून कमरेपर्यंत. तो खुर्चीतून अर्धा उठला. तिनं पदर नीट केला आणि वळली.

"आजार कुनामुळं न्हाई, दादा," ती म्हणाली. "सोमवार चुकला, तर मातर तुमच्यामुळं."

त्या माणसानं मान खाली घातली. मग त्यानं विचारलं, "पुडला सोमवार कवाचा?"